खांदेकरी

विपुल बातमी घेऊन आला तेव्हा सोजरबाई बोटांना तेल लावून केळफूल सोलत बसली होती. गेले काही दिवस हा मुलगा रोज काहीतरी नवीनच आणत होता. मुंबईहून सिनेमावाले बुऱ्हाणपुरात उतरले होते आणि त्यांचं सामान वाहायला विपुलचा छोटा हत्ती लावलेला होता. एरवी निंबोल्याहून केळीचे घड आणणारा तो टेम्पो आता दिवे, छत्र्या आणि खोट्या मिशा वाहत होता. विपुलचीही चाल बदलली होती. राजपुऱ्यात घरापुढे गाडी लावताना तो आता विनाकारण दोनदा हॉर्न वाजवायचा.

सिनेमा होता जीवनभाऊ तायड्यांवर. कागद मिलच्या युनियनचे पुढारी. भाऊ जाऊन बारा वर्षं झाली, मिल बंद पडून तर त्याहूनही जास्त, तरी गावात त्यांच्यावरून अजून भांडणं होतात. अर्धं गाव म्हणतं, भाऊ नसते तर त्या मिलमध्ये कागदाच्या आधी माणसांचाच लगदा झाला असता. उरलेलं अर्धं म्हणतं, मिलला कुलूप लागलं ते भाऊंच्या हट्टापायी, आणि मालकाशी त्यांचं आतून साटंलोटं होतं ते वेगळंच. खरं काय ते देव जाणे. दोन्ही बाजूंना मात्र सगळं ठाम माहीत असतं, आणि दोन्ही बाजू एकाच टपरीवर चहा पितात.

"आई, सुन तो सही," विपुल चपला काढता काढता म्हणाला. "मॅडमनी मला पिक्चरमध्ये घेतलं. रोल दिला, रोल!"

"कशाचा रे?"

"बाबांच्या खांदेकऱ्याचा."

सोजरबाईचे हात थांबले.

"तू सांगायचीस ना, बाबा गेले तेव्हा जीवनभाऊ भाषण सोडून स्टेजवरून उतरले, पहिला खांदा त्यांनी दिला, मागून सगळी कॉलनी आली. ते मी मॅडमना गाडीत बसल्या बसल्या सांगितलं. त्या रडल्या, आई! कसम से, रडल्या. म्हणाल्या, हाच माझ्या पिक्चरचा शेवट. पुढे जीवनभाऊ आणि एक ॲक्टर, मागे एक ॲक्टर आणि मी. तेव्हा मी चार वर्षांचा होतो, बापाला खांदा देता आला नाही. आता देतो."

सून निशा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तिचे डोळे भरलेले होते आणि ती हसतही होती.

"चालेल ना, आई?" विपुलने विचारलं.

"बघू," सोजरबाई म्हणाली. आईच्या 'बघू'चा अर्थ 'हो' असतो असं प्रत्येक मुलाला जन्मापासून वाटत आलंय. विपुल शीळ घालत अंघोळीला गेला.

तिला मात्र पुढे केळफूल सोलवेना. कारण विपुलने सांगितलं त्यात एक अक्षर खरं नव्हतं. आणि ते खोटं दुसऱ्या कुणी रचलेलं नव्हतं, तिचंच होतं.

खरं होतं ते असं. एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात मिलमध्ये संप झाला. सोजरबाईचा नवरा भगवान सपकाळे पंपहाऊसवर होता. तापीचं पाणी उपसून मिलच्या कॉलनीतल्या नळांना यायचं ते त्याच पंपाने. गेट बंद झालं तसा पंपही बंद झाला. चैत्र गेला, वैशाख लागला. बाया डोक्यावर हंडे घेऊन नदीच्या खडकांतून चढउतार करायच्या. एक म्हातारी घसरून मांडीचं हाड मोडून बसली, पोरांना जुलाब लागले. एके सकाळी भगवान उठला, कुणाला काही न बोलता गेटातून आत गेला आणि पंप सुरू करून आला. नळ आधी फुसफुसले, मग खोकले, मग पाणी आलं. साऱ्या कॉलनीने हंडे भरले, धुणी धुतली, पोरांना अंघोळी घातल्या. आणि संध्याकाळच्या गेटसभेत ठरलं की भगवान सपकाळेने संप फोडला, तो गद्दार आहे, त्याच्या घराशी कुणी बोलायचं नाही.

पाणी भरून झाल्यावर ठरलं बरं का. आधी नाही.

आणि नळ काही कुणी बंद केला नाही. भगवान रोज सकाळी जायचा, पंप चालवून यायचा. त्याच पाण्याने चूळ भरून लोक त्याच्या दाराकडे बघून थुंकायचे. दुकानदार सोजरबाईला मीठ देईना, शेजारीण विस्तव देईना. भगवान एवढंच म्हणायचा, "राग आहे, निघून जाईल." राग काही निघून गेला नाही. ज्येष्ठातल्या एका दुपारी छातीत कळ आली आणि तोच निघून गेला.

सोजरबाईने आधी शेजारचं दार वाजवलं. शेजारी म्हणजे सुपडू चौधरी, त्यांच्या क्वार्टरांच्या लाईनचा युनियनचा माणूस. दोन्ही घरांची दिवाळी आजवर एका ओट्यावर झालेली. चौधरीने दार अर्धं उघडलं, ओट्यापलीकडे तिच्या घरात काय झालंय ते त्याला कळलं, आणि तो म्हणाला, "वहिनी, मलेबी लेकरं आहेत." दार लागलं. आतून कडी लागल्याचा आवाज तिने ऐकला. पुढच्या दारांनी तर तेवढंही उघडायचे कष्ट घेतले नाहीत. माहेर होतं रावेरकडे. तिकडे निरोप जाऊन माणसं येईपर्यंत त्या उन्हात मयत थांबणार नव्हतं.

मग आला लोटू. हा मिलचाही नव्हता आणि युनियनचाही नव्हता, गेटसमोर हातगाडीवर केळी विकायचा. त्याने गाडीवरची सगळी केळी सोजरबाईच्या ओट्यावर ओतली आणि गाडीवर केळीची पानं अंथरली. दोघांनी मिळून भगवानला उचलून त्या पानांवर ठेवलं. विपुलला बापाच्या पायांशी बसवलं, कारण त्याला ठेवणार कुणाकडे? लोटू पुढून ओढत होता, सोजरबाई मागून ढकलत होती. बाईमाणसाने घाटावर जायची रीत नाही. पण रीत पाळायलाही चार माणसं लागतात.

रस्ता गेटवरूनच होता. सभा चालू होती. जीवनभाऊ माइकवर बोलत होते. गाडी दिसली तसे ते थांबले. शेकडो माणसं बसलेली आणि माइकची नुसती खरखर. सोजरबाईला वाटलं, आता कुणीतरी उठेल. कुणी उठलं नाही. गाडी पुढे गेली, आणि भाऊंचा आवाज जिथे तुटला होता तिथूनच पुन्हा सुरू झाला.

नागझिरी घाटावर लोटूने विपुलचा हात हातात धरून अग्नी दिला. परत आले तेव्हा ओट्यावरची केळी नाहीशी झाली होती. बहिष्कार माणसांवर होता, केळ्यांवर नव्हता.

पुढे विपुल दुसरी-तिसरीत असताना एकदा सदरा फाडून घरी आला. कुणीतरी त्याला गद्दाराचा पोरगा म्हटलं होतं. भाकरी तव्यावर होती. तो तिच्या पाठीशी उभा राहून म्हणाला, "आई, बाबांना कुणी खांदापण नव्हता दिला का?" सोजरबाईने भाकरी उलटली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "कोन म्हनते असं? खुद्द जीवनभाऊंनी दिला पहिला." मग खोट्याला हातपाय फुटले. भाऊ भाषण सोडून उतरले. चपला काढल्या. सगळी कॉलनी आली. खांदे बदलायला माणसं रांगेत उभी. पोरगा ऐकता ऐकता शांत होत गेला, आणि मग त्यानेच त्यात भर घातली.

"मला आठवतं, आई. मला कुणीतरी उंच उचललं होतं. मला सगळ्यांची डोकी दिसत होती."

गाडीवरून दिसली होती ती डोकी. ती म्हणाली, "हो रे राजा, तुलेबी खांद्यावरच घेतलं होतं."

पोरगा मान ताठ ठेवून वाढला. मिल बंद पडली, कॉलनी उठली, सोजरबाई राजपुऱ्यात भाड्याने राहायला आली. पुढे एक दिवस सुपडू चौधरी डोक्यावर टोपी ठेवून, हातात दराब्याच्या मिठाईचा पुडा घेऊन तिच्या दारात आला, आपल्या निशासाठी विपुलला मागायला. तिने फार विचार केला नाही. जे दार तोंडावर लागलं होतं, ते आज आपल्या पायांनी चालत आलं होतं. पोरगी गुणाची निघाली. सोजरबाईने मागचं सगळं मनात तळाशी घातलं आणि वर झाकण ठेवलं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, असं म्हणतात. पण तीस-पस्तीस वर्षं उजाडलं नव्हतं, तेव्हा तिलाही वाटलं, झाकण पक्कं असलं की राहतं बहुतेक.

त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर तिने धीर केला. विपुल मोबाईलवर सेटचे फोटो बघत होता.

"विपुल, त्या दिवशीचं एक सांगायचं होतं. तुझ्या बाबांचं."

"तू टेन्शन नको घेऊ, आई. तुझं नावपण टाकणार आहेत, शेवटी, आभारामध्ये."

"तसं नाही रे. त्या दिवशी..."

विपुलने मोबाईल बाजूला ठेवला. "तुला एक सांगू? मी कधी बोललो नाही. लहानपणी शाळेत जायची मला जाम भीती वाटायची. पोरं चिडवायची. मग मी रस्त्याने तुझं तेच आठवत जायचो. गद्दाराला कोणी खांदा देतं का? नाही देत. मग माझा बाप गद्दार नव्हता. बस, मॅटर खतम. आजपण कोणी काही बोललं ना, तर मी तेच धरून उभा राहतो." तो थोडा लाजला. "आता तर सगळ्या देशाला दिसेल. तू काय सांगत होतीस?"

"काही नाही," सोजरबाई म्हणाली. "उद्या लवकर उठव मले."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि इथे तोंड दाबणारा हातही तिचाच होता. पडल्या पडल्या तिने ठरवलं, पोराला सांगणं जमणार नाही, पण त्या सिनेमावाल्या बाईला सांगता येईल. तिने ते दृश्य काढून टाकलं तर विपुलला थोडं वाईट वाटेल आणि विषय मिटेल. तिने ते घेतलं, तर मात्र कायमचं झालं. मग भगवान कसा गेला ते कधीच कुणाला कळणार नाही. लोटूने काय केलं तेही नाही.

दुसऱ्या दिवशी ती शूटिंगच्या जागी पोचली तेव्हा मिलची जुनी कॉलनी ओळखू येत नव्हती. पडक्या क्वार्टरांना समोरून रंग दिलेला, मागून झुडपं तशीच. मिलचं गंजलेलं गेट लाल करून त्यावर नवी पाटी ठोकलेली. इच्छापूर, निंबोल्यापासून माणसं आणली होती. त्यांना पांढऱ्या टोप्या वाटून पुरीभाजी खाऊ घालून उन्हात बसवलं होतं. जीवनभाऊ झालेला नट छत्रीखाली बसून केसांचा टोप खाजवत होता. झेंडूंनी भरलेली तिरडी तयार होती. तिच्यावर निजायचा होता तो नट, म्हणजे सोजरबाईचा नवरा, नाकात कापूस घालून चहा पीत होता. एवढी थाटाची तिरडी तिने आयुष्यात पाहिली नव्हती.

रस्त्याच्या कडेला लोटू होता. सत्तरी कधीच उलटलेली, कमरेत वाकलेला, पण केळी अजून विकत होता. गर्दी दिसली की तिथे गाडी घेऊन जायचा. त्याने तिला पाहून हात वर केला. तेवढ्यात एक पोरसवदा सहायक त्याच्यावर ओरडला, "ओ चाचा! ठेला हटाओ, फ्रेम में आ रहा है!" लोटूने मुकाट्याने गाडी वळवली आणि ढकलत दूर नेली, कडुलिंबाच्या पलीकडे, जिथून ती कॅमेऱ्याला दिसणार नव्हती. सोजरबाई तरातरा दिग्दर्शिकेकडे गेली.

दिग्दर्शिकेचं नाव भूमिका; तिशीतली होती, मुंबईची, बोलायला गोड. तिने वाकून सोजरबाईच्या पायांना हात लावला. "आजी, तुमच्यामुळे मला माझा शेवट मिळाला."

"बाई, तसं झालं नव्हतं," सोजरबाई म्हणाली.

"कसं?"

"भाऊ उतरले नव्हते. कोनीच आलं नव्हतं. हातगाडीवर नेलं आम्ही, केळीच्या गाडीवर. मी मागून ढकलली. तो लोटू बघा, त्याची गाडी. आत्ता तुमच्या पोराने हाकलला तो."

क्षणभर भूमिकाने खरोखरच कडुलिंबाकडे पाहिलं. "पण विपुल म्हणाला..."

"त्याले मीच तसं सांगितलं. लहान होता तो. त्याले सांगू नका, बाई, पन हे दाखवूबी नका."

भूमिकाने एकदा दिव्यांकडे पाहिलं, एकदा टोप्या घातलेल्या त्या सगळ्या माणसांकडे पाहिलं आणि एकदा वर चढत चाललेल्या उन्हाकडे. वाईट नव्हती ती. फक्त तिच्या हातात तिरडी तयार होती. तिने हाक मारली, "चौधरीकाका, जरा इकडे या."

सुपडू चौधरी आला. सिनेमावाल्यांनी त्याला सल्लागार केलं होतं आणि गळ्यात ओळखपत्र घातलं होतं. गेल्या पंधरा दिवसांत तो चार इंच उंच झाला होता.

"काका, तुम्ही त्या दिवशी इथेच होतात ना? भगवान सपकाळेंना भाऊंनी खांदा दिला होता का?"

चौधरीने आधी जमिनीकडे पाहिलं. मग सोजरबाईकडे. मग समोर, जिथे एक माणूस विपुलच्या तोंडाला पावडर लावत होता आणि निशा हसत हसत नवऱ्याचे फोटो काढत होती.

"दिला व्हता," तो म्हणाला. "पहिला भाऊंनी. दुसरा मी."

भूमिकाने मोठा श्वास सोडला. तिने सोजरबाईचा हात दोन्ही हातांत घेतला. "आजी, इतक्या मोठ्या दुःखात माणसाला धड आठवत नाही. माझ्या आजीचंही असंच झालं होतं. तुम्ही बसा सावलीत. अरे, आजींना खुर्ची द्या. पाणी द्या."

खुर्ची आली. पाण्याची बाटली चौधरीच घेऊन आला. तिच्यासमोर तो उकिडवा बसला. इतका वेळ ताठ असलेला माणूस एकदम म्हातारा दिसायला लागला.

"विहीणबाई, माफ करा मले. पोरीसमोर काय सांगू? तुझ्या सासऱ्याचं मयत पडलं व्हतं अन् तुझ्या बापाने कडी लावली, असं सांगू? इतकी वर्सं झाली, मी रोज मनात तो खांदा देतो. आता तर मलेच वाटते, दिला व्हता म्हनून."

सोजरबाईने बाटली घेतली नाही. "तुम्हीबी पानी भरलं व्हतं त्या दिवशी," ती म्हणाली.

"व्हय. घरातले सगळे हंडे." त्याने डोळे पुसले. "पन आता सांगून काय मिळनार? सांगा विपुलला. मले काय, मी भोगीन. पन तो आधी तुम्हालेच इचारन, आई, तू एवढी वर्सं मले काय सांगत होती? अन् निशाचं काय?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. तिला त्याचा राग आला, मग आपलाच आला, आणि दोन्ही रागांचं करायचं काय ते तिला कळेना. एवढ्यात कुणीतरी मोठ्याने ओरडलं आणि सगळीकडे शांतता झाली.

जीवनभाऊ माइकवर बोलत होता. बोलता बोलता तो थांबला. माइकची खरखर तेवढी ऐकू येत होती. सोजरबाईने खुर्चीचे हात गच्च धरले, कारण इथपर्यंत सगळं अगदी तसंच होतं. मग जीवनभाऊ स्टेजवरून उतरला. त्याने चपला काढल्या. तिने विपुलला सांगितलं होतं, तशाच काढल्या. माणसांतून वाट काढत तो तिरडीपाशी आला आणि त्याने खांदा लावला. मागे विपुल होता. तिरडी उचलली गेली तशी सगळी गर्दी उठली. टोप्या उतरल्या. "भगवान सपकाळे अमर रहे!" लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच, त्यानंतर सोजरबाईने ते नाव कधी तोंडाने उच्चारलं नव्हतं. आता अख्खा रस्ता ते ओरडत होता.

तीनदा घेतलं ते. तिन्ही वेळा विपुल रडला, आणि त्या रडण्यात नाटक नव्हतं. ओठ दाबून, गळ्याच्या शिरा ताणून, तो बापाला नेत होता. तिसऱ्या वेळी सोजरबाईला ते बघवेना आणि नजरही काढवेना. केवढी माणसं! रस्ता पुरत नव्हता. खरंच आली असती एवढी, तर? एवढी नको, चार आली असती तरी चाललं असतं. तो विचार मनात आला आणि इतक्या वर्षांत जे रडली नव्हती ते ती रडली, पदर तोंडात कोंबून, गदगदून.

डोळे उघडले तेव्हा समोर कॅमेरा होता. भूमिका त्याच्यामागून पुढे आली. तिचाही आवाज भरून आला होता. "सॉरी आजी, न विचारता घेतलं. पण हे शेवटी ठेवते मी. खऱ्या पत्नीचे खरे अश्रू. आता कोणी म्हणणार नाही की हे खोटं आहे."

सोजरबाईने तोंड उघडलं. पण जे सांगायचं होतं ते सांगून झालं होतं, आणि ते तिच्या दुःखाच्या खात्यात जमाही झालं होतं. आता ती काहीही बोलली तरी बाई हात हातात घेऊन पाणीच मागवणार होती.

जेवणाची सुट्टी झाली. ती उठून कडुलिंबाकडे गेली. लोटूने गाडीच्या कडेची केळी सरकवून तिला टेकायला जागा केली. तो सगळं बघत होता हे तिला माहीत होतं. तिथून गेट चांगलं दिसत होतं.

विपुल हसत हसत आला. सदऱ्याची गुंडी उघडून त्याने खांदा दाखवला. बांबूने कातडी लाल झाली होती. "बघ आई. तीन टेक! ॲक्टर लोकांनी खाली उशी घेतली होती, मी नाही घेतली." तो लोटूकडे वळला. लहानपणापासून त्याची केळी खाल्लेली. "लोटूकाका, तुम्ही तर तेव्हा इथेच गेटवर असायचे ना? मग तुम्हीपण दिला असेल बाबांना खांदा?"

सोजरबाईने लोटूकडे पाहिलं. आता हाच काय तो उरला होता. हा बोलला तर पोरगा ऐकेल. बोलू दे, असं तिला वाटलं, आणि बोलू नये, असंही तितकंच वाटलं. लोटूने तिच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं. मग त्याने फणीतली दोन पिवळीधमक केळी तोडली आणि विपुलच्या हातात ठेवली.

"नाही रे बेटा," तो म्हणाला. "गर्दीच एवढी व्हती. माझा नंबरच नाही लागला."

"जाऊ द्या ना, काका." विपुलने त्याची पाठ थोपटली. "मनात होतं ना तुमच्या? मग झालं."

"व्हय," लोटू म्हणाला. "मनात व्हतं."

तिकडून पुन्हा त्या सहायकाची हाक आली, ठेला अजून मागे घ्या म्हणून. लोटूने दांडी धरली, पण चाक कडुलिंबाच्या मुळीला अडलं आणि गाडी हलेना. सोजरबाई उठली. तिने मागच्या फळीला दोन्ही हात लावले, पाय रोवले आणि ढकललं.

"अगं आई, तू काय करतेस!" विपुल धावत आला. केळी खिशात कोंबून त्याने तिचे हात फळीवरून अलगद सोडवले, तिला दंडाला धरून बाजूला केलं आणि स्वतः फळीला खांदा लावला. "तू बस ना सावलीत. तुला सवय आहे का हातगाडी ढकलायची?"

सोजरबाई सावलीत जाऊन बसली.